ऑफिस अपडेट होईना? आधी काय करू नये ते वाचा

महिन्याचा दुसरा मंगळवार उलटला की दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहापासून माझा फोन वाजायला लागतो. मायक्रोसॉफ्ट त्या मंगळवारी विंडोज आणि ऑफिसचं, म्हणजे वर्ड-एक्सेलच्या संचाचं, अपडेट सोडतं, आपल्याकडे तेव्हा रात्र असते. सकाळी कचेरी उघडून कॉम्प्युटर लावला की वर्ड-एक्सेलच्या डोक्यावर पिवळी पट्टी. "सर, काय तरी मागुलालंय ओ," असा एक फोन. चिकोडीकडच्या कचेरीतून कन्नडमध्ये "वर्ड ओपन आगवल्दु री" (वर्ड उघडेना हो) असा दुसरा. भाषा वेगळी, अर्थ एकच: काहीतरी दाबून झालेलं आहे, आता निस्तरायला मी.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या सोसायट्या, वकील, डीटीपीवाले आणि शाळा यांची मशीनं मी बघतो. अपडेट अडकायची खरी कारणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यावर लोक जे उपाय करतात, त्यांना मात्र अंत नाही.

"काढून परत घालतो"

या वाक्याची मला धडकी भरते. अपडेट फेल झालं, मेसेज वाचला नाही, थेट कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ऑफिस अनइन्स्टॉल. आमच्याकडे कोर्स करून आलेल्या पोरांना पहिल्यांदा हेच शिकवतात की काय, देव जाणे.

खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेची गोष्ट. मार्च संपत आलेला, ऑडिटर दोन दिवसांवर. एक्सेल चालत होतं, फक्त अपडेट होत नव्हतं. बरं, चालतंय तर चालू द्यावं की चार दिवस! पण सेक्रेटरींच्या भाच्याने मनावर घेतलं. ऑफिस काढून टाकलं आणि परत डाउनलोड करायला बसला. तेही होईना. मग मला फोन. मी पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि भाचा ब्राउझरमधलं एक पान पुन्हा पुन्हा बंद करत होता. म्हटलं थांब, वाचू दे. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं की तुमचं घड्याळ मागे आहे. उजव्या कोपऱ्यात खाली बघितलं, तर तारीख १ जानेवारी २०१९.

मदरबोर्डवरचा सेल संपलेला. रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर-२०३२ नावाचा, मशीन बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा. त्या ऑफिसात रोज संध्याकाळी मेन स्विच बंद करायची शिस्त, त्यामुळे सकाळी मशीन उठलं की तारीख मूळपदावर. तारीख चुकली की सुरक्षित जोडणी होत नाही. समोरच्या सर्व्हरचं, म्हणजे अपडेट देणाऱ्या कॉम्प्युटरचं, ओळख पटवणारं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं, आणि २०१९ मध्ये अडकलेल्या मशीनला वाटतं की त्याची मुदत अजून सुरूच व्हायची आहे. मग अपडेट उतरणार कसं? फरक इतका मोठा झाला की विंडोज आपणहून घड्याळ सुधारेलच असंही नाही.

सेल बदलला. चाळीस रुपये. तारीख लावली, डाउनलोड सुरू झालं. इथे गोष्ट संपायला हवी होती, पण ऑफिस काढून टाकलेलं होतं ना! परत घातल्यावर त्याने लॉगिन मागितलं. ते ऑफिस मशीनबरोबर आलेलं होतं, आणि असं ऑफिस पहिल्यांदा चालू करताना ज्या ईमेलने केलं त्या खात्याला कायमचं चिकटतं. ते खातं कुणाचं? आधीच्या क्लार्क बाईंचं. त्या लग्न होऊन कोल्हापूरला गेलेल्या. सेक्रेटरींनी बाईंच्या मावशीकडून नंबर मिळवला. बाई बिचाऱ्या चांगल्या, लगेच मदतीला तयार, पण ओटीपी जात होता त्यांच्या माहेरच्या जुन्या सिमवर, आणि ते सिम बंद पडून वर्ष झालेलं. दुसऱ्या ईमेलवरून खातं सोडवून घेता घेता संध्याकाळचे सात वाजले. तोवर सेक्रेटरींनी मला तीनदा चहा आणि भाच्याला तीनशे वेळा शिव्या दिल्या. चहा बरा होता.

म्हणून माझी सवय: अनइन्स्टॉलला हात लावायच्या आधी वर्ड उघडायचं, फाईलमध्ये जाऊन अकाउंटवर क्लिक करायचं आणि ऑफिस कुठल्या ईमेलवर आहे ते कागदावर लिहून घ्यायचं. त्या ईमेलचा मालक आज, आत्ता फोन उचलतो का, तेही बघायचं. नसेल उचलत, तर अनइन्स्टॉल हा शब्द विसरा.

याच रोगाचा मोठा भाऊ म्हणजे फॉरमॅट. डीटीपीच्या दुकानात अपडेट फेल झालं म्हणून एकाने आख्खं मशीन फॉरमॅट मारलं आणि नंतर ओरडला, "अपडेटनं माझी कन्नड घालवली!" अपडेटनं काही घालवलं नव्हतं. नुडी आणि श्रीलिपीचे जुने फॉन्ट फॉरमॅटमध्ये गेले, आणि त्या फॉन्टात टाईप केलेल्या सगळ्या लग्नपत्रिका इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन बसल्या. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, काम करा असं मी किती वर्षं सांगतोय. ऐकतंय कोण.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे मेसेजचा फोटो. अख्ख्या पडद्याचा, नंबरासकट. मला फोनवर "काय तरी इंग्रजीत आलंय" असं सांगू नका. त्या नंबरात अर्धं उत्तर असतं. ०-१०१८ आला तर बहुतेक वेळा दुसरं कुठलं तरी इन्स्टॉलेशन मागे चालू आहे, म्हणजे नुसतं थांबायचं. विंडोजच्या आकड्याचा शेवट ८००७००७० असेल तर डिस्क भरलेली. सी ड्राइव्हवर चार जीबी तरी मोकळे ठेवा. डाउनलोड्सच्या फोल्डरमध्ये नातेवाइकांच्या लग्नाचे व्हिडिओ सापडतातच.

मग रीस्टार्ट. शटडाऊन नव्हे, रीस्टार्ट. यावर माझ्याशी भांडलेले लोक आहेत. "रोज बंद करतो की ओ!" बंद करता, मान्य. पण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप म्हणून एक भानगड आहे. ती चालू असली की शटडाऊन केल्यावर विंडोजचा गाभा झोपतो, मरत नाही. सकाळी तोच पुन्हा जागा होतो, कालची अडकलेली सर्व्हिस, म्हणजे मागे गुपचूप चालणारा प्रोग्रॅम, पोटात घेऊन. खोटं वाटत असेल तर टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूखाली अप टाइम बघा. टिळकवाडीतल्या एका वकिलांच्या मशीनवर मला २३ दिवस दिसले होते, आणि वकीलसाहेब शपथेवर सांगत होते की रोज रात्री बंद करतो. दोघंही खरं बोलत होते. रीस्टार्ट केलं, अपडेट दहा मिनिटांत झालं. फी घ्यायला मलाच लाज वाटली. घेतली.

तरी नाही झालं तर रिपेअर. कंट्रोल पॅनलमध्ये प्रोग्रॅम्समध्ये ऑफिस निवडून 'चेंज' दाबलं की दोन पर्याय येतात, क्विक आणि ऑनलाईन. आधी क्विक. त्याला इंटरनेट लागत नाही, थोडक्यात आटपतं. ऑनलाईन रिपेअर म्हणजे जवळपास नवीन ऑफिस उतरवणं, काही जीबींचा मामला. ते मोबाईलच्या हॉटस्पॉटवर सुरू करणारे महाभाग मी पाहिलेत. रोजचा दीड जीबीचा पॅक अर्ध्यात संपतो, आणि मग जुनंही नाही, नवंही नाही. हॉटस्पॉट मीटर्ड, म्हणजे डेटा जपून वापरायचा, म्हणून लावलेला असेल तर साधं अपडेटसुद्धा खोळंबून बसतं, हे वेगळंच.

मधेच बटण दाबणं

टक्केवारी वीस मिनिटं हलली नाही की लोकांचा हात सीपीयूच्या बटणाकडे जातो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तास लागू शकतो. डिस्कचा दिवा लुकलुकतोय ना? मग काम चालू आहे. चहा घेऊन या. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे लाईटीचा भरवसा नाही, तिथे अपडेट सुरू करायच्या आधी यूपीएसची वायर भिंतीतून काढून बघा, मशीन चालू राहतं का. निम्म्या ठिकाणचे यूपीएस नुसतं ट्यूं ट्यूं करायला ठेवलेले असतात, बॅटरी कधीच गेलेली.

क्रॅक

हे लिहायचं नव्हतं, पण राहवत नाही. दोनशे रुपयांत "लाइफटाइम ऑफिस", म्हणजे कुलूप तोडलेली चोरीची कॉपी, घालून देणारे प्रत्येक गल्लीत आहेत. ते घालताना मायक्रोसॉफ्टचे सर्व्हर अडवून ठेवतात, अपडेटची सर्व्हिस बंद करतात, अँटीव्हायरसला डोळे मिटायला सांगतात. आणि वर्षभराने तुम्ही मला विचारता, अपडेट का होत नाही? अहो, होऊ नये म्हणूनच तर त्याने पैसे घेतले. अशा मशीनला मी हात लावत नाही. पैसे नसतील तर लिब्रेऑफिस घाला, फुकट आणि कायदेशीर. पत्रं, ठराव, साधे हिशेब यांना पुरून उरतं. फक्त विंडोजवर ते आपोआप अपडेट होत नाही, नवीन आवृत्ती उतरवून जुन्यावर घालावी लागते. तेवढे कष्ट घ्या.

बाकी किरकोळ. दोन अँटीव्हायरस एका मशीनवर ठेवू नका. ३२ बिटच्या विंडोजवर ६४ बिटचं ऑफिस बसवायला जाऊ नका, बसत नाही. एक्सेल बंद केलं तरी कधीकधी मागे चालू असतं, टास्क मॅनेजरमध्ये बघून बंद करा. आणि गूगलवर टोल फ्री नंबर शोधून कुणाला मशीनचा ताबा देऊ नका. दिला असेल आणि खात्यातून पैसे गेले असतील तर मला नाही, आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन.

परवा शहापूरचे एक दुकानदार आले. आठवडाभर 'अपडेट नाऊ' दाबत होते. "दाबतो, खरं काहीच येत नाही. फेल पण म्हणत नाही." बघितलं तर ऑफिस २०१६. त्याचा आणि २०१९ चा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, विंडोज १० चाही त्याच दिवशी. त्यांचं काही फेल झालं नव्हतं, येण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ऑफिस २०२१ वाल्यांनीही कॅलेंडरवर खूण करून ठेवा, १३ ऑक्टोबर २०२६. दुकानदारांना हे सांगितल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग ते काढून परत घालून बघू काय?"