बारावीच्या कॅल्क्युलसची तयारी: कोऱ्या पानावरून

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावी गणिताचा भाग २ उघडला की त्यातल्या आठ प्रकरणांपैकी पहिली सहा कॅल्क्युलसची असतात. डिफरन्सिएशन, डेरिव्हेटिव्हचे उपयोग, इनडेफिनिट इंटिग्रेशन, डेफिनिट इंटिग्रेशन, त्यावरून काढायचे क्षेत्रफळ आणि शेवटी डिफरन्शियल इक्वेशन असा त्यांचा क्रम आहे. राजापूर तालुक्यात हा विषय शिकवताना मला वर्षानुवर्षे एकच अडचण दिसत आली आहे. फळ्यावरचे गणित मुलांना समजते, सोडवलेले उदाहरण वाचताना पुढची ओळ कोणती हेही ती सांगतात, आणि तरीही तेच गणित कोऱ्या पानावर घातले की दुसऱ्याच ओळीला पेन थांबते. म्हणून पुढे दिलेल्या तयारीच्या यादीत ‘झाले’ या शब्दाचा अर्थ आधी ठरवून घेते. पुस्तक मिटून, मागचे उत्तर न पाहता, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गणित स्वतःच्या हाताने लिहिले आणि नंतर उत्तर ताडून पाहिले, तरच ते झाले असे धरावे.

साहित्य फारसे लागत नाही. पाठ्यपुस्तक, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सरावासाठी एक जाड वही, चुकांसाठी दुसरी लहान वही आणि लॉग टेबल एवढे पुरते. परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालते. ते आतापासूनच हाताळलेले असावे, कारण मीन डिफरन्सचा रकाना कुठे आणि कसा पाहायचा हे परीक्षेच्या बाकावर बसून शिकता येत नाही. वेळापत्रक मात्र आपल्याकडच्या वर्षाकडे पाहूनच आखावे. गौरी-गणपतीला चाकरमानी घरी आलेले असतात आणि आरत्या-भजने रात्री उशिरापर्यंत चालतात. पाठोपाठ भातकापणी येते, आणि शेतीच्या घरातल्या मुलामुलींना कापणी-झोडणीला हात लावावाच लागतो. त्या दिवसांत रोज तीन तास बसण्याचा संकल्प करून तो मोडण्यापेक्षा डिफरन्सिएशन आणि त्याचे उपयोग ही दोन प्रकरणे गणपतीपूर्वी, इंटिग्रेशन दिवाळीपर्यंत आणि उरलेले नोव्हेंबरअखेर संपवावे, आणि सणाच्या आठवड्यात रोज फक्त तीन गणिते लिहावीत, पण ती चुकवू नयेत. जे विद्यार्थी रोज तासभर एसटीने येतात-जातात, त्यांनी तो वेळ सूत्रे आठवण्यासाठी ठेवावा. लिहायची गणिते घरीच करावीत.

कॅल्क्युलसला हात घालण्यापूर्वी पायाभूत गोष्टींची एक परीक्षा स्वतःच घ्यावी. साइन आणि कॉसची दुप्पट कोनाची सूत्रे, लॉगचे नियम, अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि पार्शल फ्रॅक्शन हे सगळे एका पानावर न अडखळता लिहिता येते का ते पाहावे. मी तपासलेल्या उत्तरपत्रिकांमध्ये इंटिग्रेशनचे म्हणून गेलेले पुष्कळ गुण प्रत्यक्षात बीजगणितात गेलेले असतात. जिथे अडखळाल तिथे दोन दिवस द्यावेत. ते दिवस वाया जात नाहीत.

डिफरन्सिएशनमध्ये पहिली खूण चेन रूलची. लॉग, त्याच्या आत साइन, त्याच्या आत एक्स वर्ग असे फल घ्या. नारळ फोडताना आपण आधी सोडण काढतो, मग करवंटी फोडतो आणि मग खोबऱ्याला हात घालतो. इथेही बाहेरून आत तसेच जायचे. लॉगचा डेरिव्हेटिव्ह घेताना आतला साइन जसाच्या तसा ठेवायचा, साइनचा घेताना एक्स वर्ग तसाच ठेवायचा, आणि सगळ्यात आतल्या एक्स वर्गाचे २ एक्स विसरायचे नाही. उत्तर येते २ एक्स गुणिले कॉट एक्स वर्ग. अशी किमान वीस फले ओळीने लिहावीत. दुसरी खूण पॅरामेट्रिक फलाच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची, कारण इथे हुशार मुलेही घसरतात. एक्स बरोबर ए टी वर्ग आणि वाय बरोबर २ ए टी असेल, तर डीवाय बाय डीएक्स येतो १ भागिले टी. आता दुसऱ्यांदा डेरिव्हेटिव्ह घेताना काही जण वायचा टीच्या संदर्भातला दुसरा डेरिव्हेटिव्ह घेतात आणि त्याला एक्सच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हने भागतात. तसे केले तर उत्तर शून्य येते, आणि ते चूक आहे. १ भागिले टी याचा टीच्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह घेऊन त्याला पुन्हा डीएक्स बाय डीटीने, म्हणजे २ ए टीने, भागावे लागते. बरोबर उत्तर उणे १ भागिले २ ए टी घन. हे एक गणित आठवड्यातून एकदा, सलग चार आठवडे, कोऱ्या पानावर लिहावे.

उपयोगांच्या प्रकरणात आकृती काढल्याशिवाय गणिताला सुरुवात करू नये. चिऱ्याच्या भिंतीला ५ मीटरची शिडी टेकवली आहे, तिचा पाया भिंतीपासून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकतो आहे, आणि पाया ३ मीटरवर असताना वरचे टोक किती वेगाने खाली येते, हे विचारले आहे असे समजा. इथे ३ ही संख्या डेरिव्हेटिव्ह घेऊन झाल्यावरच ठेवायची असते. आधीच ठेवली तर बदलणारी गोष्ट स्थिर होऊन बसते आणि गणितच नाहीसे होते. एक्स वर्ग अधिक वाय वर्ग बरोबर २५ या समीकरणाचे वेळेच्या संदर्भात डिफरन्सिएशन करावे, मग एक्स ३ आणि वाय ४ ठेवावा. वेग सेकंदाला ०.३७५ मीटर, आणि दिशा खाली. एकक आणि दिशा लिहिल्याशिवाय हे उत्तर पूर्ण होत नाही.

कमाल-किमानाच्या गणितांसाठी परसातलेच उदाहरण घ्यावे. एका बाजूला गडगा आहे, उरलेल्या तीन बाजूंना ४० मीटर कुंपण घालून भाजीसाठी जास्तीत जास्त जागा घ्यायची आहे. गडग्याला काटकोनात येणाऱ्या दोन बाजू एक्स मानल्या तर तिसरी बाजू ४० उणे २ एक्स, क्षेत्रफळ एक्स गुणिले ते, डेरिव्हेटिव्ह शून्य केला की एक्स १० आणि तिसरी बाजू २०. अनेक मुले इथेच थांबतात. दुसरा डेरिव्हेटिव्ह उणे ४, म्हणजे ऋण आहे, म्हणून हे क्षेत्रफळ कमाल आहे, अशी एक ओळ लिहून २०० चौरस मीटर हे उत्तर वाक्यात द्यावे. याच प्रकरणातल्या टँजंट-नॉर्मल, रोलचा प्रमेय आणि अंदाजे किंमत या भागांना फार वेळ लागत नाही. त्यांच्या अटी शब्दशः लिहिता आल्या की पुरे.

सर्वांत जास्त वेळ मात्र इंटिग्रेशनला द्यावा. डिफरन्सिएशनमध्ये नियम आपल्याला पुढे नेतो. इंटिग्रेशनमध्ये कोणता नियम लावायचा हे आपणच ओळखायचे असते, आणि ही ओळख भरपूर गणिते पाहिल्याशिवाय येत नाही. तीन गणिते एकाखाली एक लिहून पाहा. तिन्हींचा छेद एक्स वर्ग अधिक १ आहे. पहिल्याचा अंश १, दुसऱ्याचा एक्स, तिसऱ्याचा एक्स वर्ग. वरवर पाहता ही सख्खी भावंडे वाटतात, पण पहिल्याचे उत्तर टॅन इन्व्हर्स एक्स आहे. दुसऱ्यात छेदाचा डेरिव्हेटिव्ह अंशात दडलेला आहे, म्हणून अर्धा लॉग एक्स वर्ग अधिक १. तिसऱ्यात अंशात १ मिळवून १ वजा केला की एक्स उणे टॅन इन्व्हर्स एक्स. ज्याला या तिघांतला फरक एका नजरेत दिसला, त्याला पुढचे बरेचसे दिसू लागते.

यासाठी मी मुलांना एक वेगळा सराव देते, आणि तो एसटीच्या प्रवासातही होतो. पाठ्यपुस्तकातली पन्नास इंटिग्रल घ्यावीत, एकही सोडवू नये, प्रत्येकासमोर मनात फक्त पहिली पायरी म्हणावी: सब्स्टिट्यूशन, पूर्ण वर्ग, पार्शल फ्रॅक्शन, बाय पार्ट्स, की ई रेज टू एक्सच्या कंसात फल आणि त्याचाच डेरिव्हेटिव्ह. शेवटच्या प्रकारात ई रेज टू एक्स गुणिले कंसात १ भागिले एक्स उणे १ भागिले एक्स वर्ग, हे ज्याने ओळखले त्याचे उत्तर एका ओळीत येते. ज्याने ओळखले नाही तो बाय पार्ट्स करत दोन पाने भरतो. बाय पार्ट्समध्ये पहिले फल कोणते घ्यायचे यासाठी लॉग, इन्व्हर्स, अल्जेब्रिक, ट्रिग्नोमेट्रिक, एक्स्पोनेन्शियल हा क्रम पाठ असावा. घरी आल्यावर पन्नासांपैकी जी चुकीची ओळखली असे वाटते तेवढीच पूर्ण लिहावीत. आणि उत्तर आले की त्याचा डेरिव्हेटिव्ह घेऊन मूळ फल परत मिळते का ते पाहावे. परीक्षेत स्वतःची चूक स्वतःला पकडून देणारे इतके खात्रीचे साधन या विषयात दुसरे नाही.

डेफिनिट इंटिग्रेशनमध्ये सब्स्टिट्यूशन केले की लिमिट बदलायच्या, हे सगळ्यांना माहीत असते आणि तरी चुकते. माझ्या स्वतःच्या बारावीच्या पेपरात मी नेमके हेच केले होते, आणि घरी परतताना एसटीत ते लक्षात आले. ती हुरहुर आजही आठवते. ० ते १ पर्यंत एक्स भागिले एक्स वर्ग अधिक १ घ्या. छेदाला टी म्हटले की लिमिट १ आणि २ होतात आणि उत्तर येते अर्धा लॉग २. जुन्याच लिमिट ठेवल्या तर लॉग ० येतो, ज्याला अर्थच नाही. म्हणून टी लिहिलेल्या ओळीच्या शेजारीच दोन्ही नव्या लिमिट लिहिण्याची सवय हाताला लावावी. क्षेत्रफळात कच्ची आकृती सक्तीची समजावी. साइन एक्सचे ० ते २ पाय इंटिग्रल शून्य येते, पण वक्र आणि एक्स अक्ष यांमधले क्षेत्रफळ ४ आहे, कारण अर्धा भाग अक्षाच्या खाली जातो आणि तो वेगळा काढून त्याची धन किंमत घ्यावी लागते. लायबनिट्सने १६७५ मध्ये योजलेले इंटिग्रलचे चिन्ह म्हणजे बेरीज या अर्थाच्या लॅटिन शब्दातला लांब ओढलेला एस आहे, हे सांगितले की मुलांना बेरजेत ऋण भाग धन भागाला कसा खाऊन टाकतो ते चटकन कळते.

डिफरन्शियल इक्वेशनमध्ये ऑर्डर आणि डिग्री, व्हेरिएबल वेगळे करणे, होमोजीनियस आणि लिनियर असे प्रकार ओळखता आले की प्रकरण हलके होते. न्यूटनच्या थंड होण्याच्या नियमाचे एक गणित संपूर्ण मांडणीसह लिहून ठेवावे. खोलीचे तापमान ३० अंश आहे, पेजेचे ९० आहे आणि १० मिनिटांनी ते ६० होते; आणखी १० मिनिटांनी किती? तापमानातला फरक ६० वरून ३० झाला, म्हणजे दहा मिनिटांत निम्मा झाला, म्हणून पुढच्या दहा मिनिटांत तो १५ होईल आणि पेज ४५ अंशांवर येईल. मात्र पेपरात हे तोंडी तर्काने लिहू नये. समीकरण, दोन्ही बाजूंचे इंटिग्रेशन, स्थिरांकाची किंमत आणि मग उत्तर अशा क्रमाने लिहावे, कारण गुण पायऱ्यांना असतात.

चुकांच्या वहीत गणित पूर्ण उतरवू नये. तारीख, चुकलेली ओळ, बरोबर ओळ आणि चूक कशामुळे झाली त्याचे एक वाक्य एवढेच लिहावे. डिसेंबरमध्ये ती वही चाळली की आपल्या चुका पन्नास नसून चार-पाच प्रकारच्याच आहेत हे दिसते, आणि त्याच चार-पाचांवर पुढचा महिना घालवावा.

जानेवारीपासून पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून लिहाव्यात. पेपर ८० गुणांचा आणि तीन तासांचा आहे. विभाग अ मध्ये प्रत्येकी २ गुणांचे आठ बहुपर्यायी प्रश्न आणि १ गुणाचे चार प्रश्न. विभाग ब मध्ये बारापैकी आठ, प्रत्येकी २ गुण. क मध्ये बारापैकी आठ, प्रत्येकी ३ गुण. ड मध्ये आठपैकी पाच, प्रत्येकी ४ गुण. एका गुणाला दोन मिनिटे धरली तर १६० मिनिटांत पेपर संपतो आणि २० मिनिटे तपासायला उरतात. म्हणून चार गुणांचे गणित आठ मिनिटांत बसते का ते घरीच मोजून पाहावे. बहुपर्यायी प्रश्नात पहिला लिहिलेला पर्यायच धरतात, तेव्हा कच्चे काम करूनच पर्याय लिहावा आणि अक्षरासोबत उत्तरही लिहावे. प्रत्येक विभाग नव्या पानावर सुरू करावा. सीईटीची तयारी करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की पर्याय निवडण्याच्या सरावावर बोर्डाच्या पेपरासाठी विसंबू नये. तिथे पायऱ्या कोणी पाहत नाही, इथे पायऱ्याच पाहतात.

परीक्षा शिमग्याच्या आगेमागे येते, आणि गावात ढोल घुमू लागले की मन तिकडे ओढ घेते. शेवटच्या तीन दिवसांत नवे गणित हाती घेऊ नये. चुकांची वही, सूत्रांचे पान आणि रोज एकेक प्रकरणातले दोन गणित पुरे. आदल्या रात्री हॉल तिकीट, दोन पेने, पट्टी, पेन्सिल आणि लॉग टेबल पिशवीत भरून ठेवावे, आणि केंद्र तालुक्याच्या गावी असेल तर नेहमीच्या गाडीच्या आधीची एसटी धरावी. लिहून झाल्यावर उरलेल्या वीस मिनिटांत प्रत्येक इनडेफिनिट इंटिग्रलच्या शेवटी अधिक सी आहे का, सब्स्टिट्यूशन केलेल्या प्रत्येक डेफिनिट इंटिग्रलमध्ये लिमिट बदलल्या आहेत का, आणि वेग किंवा क्षेत्रफळाच्या उत्तराशेजारी एकक आहे का, या तीन गोष्टी याच क्रमाने पहिल्या पानापासून पाहत जाव्यात.