कापूस वेचणीच्या दिवसांत ग्रुपनं फोटो काढायला जायचं तर

यवतमाळ-वर्ध्याकडं फोटोसाठी यायचं तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते डिसेंबर हे दिवस धरा. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, पांढरी झालेली असते, मधल्या तुरीच्या ओळी पिवळ्या फुलल्या असतात. कुणाच्या वावरात पहिला वेचा लागणार असेल आणि सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करतानाची पूजा, असेल तर आधी विचारून जा, दहीभाताचा नैवेद्य ठेवतात, पण ती पूजा आहे, मधी-मधी घुसून फ्लॅश मारू नका.

माणसं सहाच घ्या, एका गाडीत बसतील एवढी. आम्ही पहिल्यांदा अकरा जण दोन गाड्यांत गेलो, न विचारता थेट वावरात उतरलो अन् बायांनी तोंडावर पदर ओढला, वेचणी थांबली. वेचणीची मजुरी किलोवर मिळते हे आम्हाला तेव्हा सुचलंच नाही, म्हणजे आम्ही जेवढा वेळ खाल्ला तेवढे त्यांचे पैसे बुडाले, मला आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी शेतमालकाला भेटा, बायांनाही स्वतः विचारा, नको म्हटलं की नको. कुणाला थांबवून पोज घ्यायला लावायचं नाही, त्यांचे हात चालू राहिले पाहिजेत, आणि खरं सांगू का फोटोही त्याच हातांत आहे. दोन्ही हातांनी बोंडातून कापूस ओढायचा अन् कमरेच्या ओटीत टाकायचा, काही तासांत ओटी अशी फुगते की बाई चालताना मागं झुकते!

सूर्य पावणेसातच्या आसपास निघतो, त्याच्या आधी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहा. बोंडावर दव असतं तोवर जवळचे फोटो घ्या. गडद पानांवर एकच बोंड असेल तर कॅमेरा उजेड वाढवतो आणि पांढरं जळतं, मग एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) -0.7 करा. उलट फ्रेमभर कापसाचा ढीग असेल तर तो राखाडी येतो, तिथं +1 लागतं. सगळ्यांनी एकाच ठिकाणाहून क्लिक करू नका, दोघादोघांच्या तीन जोड्या करा, एक ओळीच्या शेवटाला, एक बंडीपाशी (बैलगाडीपाशी), एक लांब झाडाखाली.

दुपारी ऊन पांढरंफटक असतं, तेव्हा कॅमेरा बॅगेत टाका अन् भाकर-ठेचा खा. पण संध्याकाळची मोजणी सोडू नका, वावराच्या कडेला काटा टांगतात, एकेकीचं गाठोडं लटकतं आणि आकड्याकडं सगळ्यांचे डोळे लागलेले असतात, माझ्या मते अख्ख्या दिवसाचा सगळ्यात चांगला फोटो तोच. मात्र दोन हात लांब राहा, हिशोबात अडथळा नको.

आणि जपा. रानडुकरं अडवायला धुऱ्यावर तार ओढलेली असते, झटका मशीनची (विजेचा झटका देणारी) असो की कसलीही, विचारल्याशिवाय ओलांडू नका, ट्रायपॉड तर लावूच नका. फवारणी चालू असलेल्या वावराकडं फिरकू नका, 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजुरांचे जीव गेलेत.

घरी आल्यावर प्रिंट काढाच. मोबाईलवर पाठवलेला फोटो फोन बिघडला की जातो, कागदावरचा भिंतीला लागतो. 8 बाय 12 इंचाचा काढा, मागं नाव, गाव, तारीख लिहा आणि पुढचा वेचा संपायच्या आत स्वतः नेऊन द्या.