बायबलचं वचन उचलताना या चुका टाळा

सांगली-मिरजेकडं ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना झाली की ख्रिस्ती घरांत नव्या वर्षाचं वचन, म्हणजे बायबलमधलं एखादं वाक्य, भिंतीवर लागतं, मग वर्षभर व्हॉट्सॲपवर रोज एक वचन येत राहतं. वचन पाठ असणं चांगलंच, पण ते कोण कुणाला म्हणतंय हे न बघता उचललं की गडबड होते, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

ईयोब ८:७ बघा, म्हणजे बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकातल्या ८ व्या अध्यायाचं ७ वं वचन. ईयोब म्हणजे चांगला असूनही पोरं आणि संसार गमावलेला माणूस. सुरुवात छोटी असली तरी शेवट मोठा होईल अशा अर्थाचं आहे, नवीन दुकानाच्या प्रार्थनेला वाचायला एकदम छान वाटतं. पण तिथं देव बोलत नाहीये, ईयोबाचा मित्र बिल्दद बोलतोय आणि तीनच वचनं आधी तो त्या बिचाऱ्याला सुचवतोय की तुझी पोरं गेली ती त्यांच्या पापामुळं. पुढं ४२:७ मध्ये देव स्वतः सांगतो की हे मित्र माझ्याबद्दल बरोबर बोलले नाहीत!

हे नुसतं पुस्तकातलं नाही हो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घराघरात शिरलं, अशा वेळी ज्याचा संसार वाहून गेला त्यालाच पाप आणि शिक्षेची वचनं ऐकवायची म्हणजे बिल्ददाचंच काम झालं. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेल्याचा विषय आहे, ती जास्त पापी होती असं वाटतं का, असं येशू विचारतो आणि उत्तरही देतो, नाही.

यिर्मया २९:११ पण असंच. देवाचे भल्याचे संकल्प म्हणून फ्रेम करतात, पण ते बाबेलला (बॅबिलोनला) धरून नेलेल्या यहूदी लोकांना लिहिलेल्या पत्रातलं आहे आणि आदल्याच वचनात ७० वर्षं थांबायला सांगितलंय. म्हणजे आपल्याला त्यातून धीर घेता येतो, नक्की येतो, फक्त लगेच नोकरी लागायची गॅरंटी म्हणून ते वापरू नका.

दुसरी चूक, सगळं एकाच पद्धतीनं वाचणं. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, २६:५ म्हणतं दे. हा विरोध नाही, ही शहाणपणाची सूत्रं आहेत, प्रसंग बघून लावायची. उलट टोकाला, प्रत्येक गोष्टीत गुपित शोधू नका. येशूनं सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेत लुटलेल्या जखमी माणसाला एक परका उतारशाळेत नेतो, त्यात ऑगस्टीन या जुन्या काळच्या ख्रिस्ती धर्मगुरूनं जखमी माणूस म्हणजे आदाम आणि उतारशाळा म्हणजे मंडळी (चर्च) असा अर्थ लावला होता, पण लूक १० मध्ये प्रश्न सरळ आहे, माझा शेजारी कोण? आधी त्याचं उत्तर घ्या.

आणि वचनांचे नंबर मूळ लिखाणात नव्हतेच, नव्या करारात आज वापरतो ते नंबर १५५१ साली रोबेर एस्तिएन या मुद्रकानं छापले, त्यामुळं नंबर संपला म्हणजे विचार संपला असं नसतं. फिलिप्पै ४:१३ ‘मी सगळं करू शकतो’ म्हणून परीक्षेआधी पाठ करतात, पण हे पत्र येशूचा प्रेषित पौल तुरुंगातून लिहितोय आणि त्याच्या आधीच्या दोन वचनांत भूक आणि टंचाईतही समाधानी राहायचं बोलतोय. चारच अध्यायांचं पत्र आहे ते, एका बैठकीत सलग वाचा आणि मग १३ व्या वचनावर या.