गावचं कंट्री स्टोअर वाचवायचंय? झोनिंग बदलताना या चुका टाळा

पानगळीचे रंग बघायला बॉस्टनहून किंवा न्यू जर्सीहून अमेरिकेच्या ईशान्येतल्या व्हरमाँट राज्यात गाडी काढली, की एखाद्या वळणावर लाकडी ओसरीचं दुकान लागतंच. बाहेर पेट्रोलचा एखादा पंप, आत कॉफीचे थर्मास, चेडर चीज, मोजे, खिळे, पावाच्या लाद्या आणि दाराशी कागदांनी भरलेला सूचनाफलक. आपण मेपल क्रीमी (मेपलच्या चवीचं मऊ आइस्क्रीम) घेतो, फोटो काढतो आणि निघतो. गावाला मात्र किराणा तिथेच, चावडीही तिथेच. नोव्हेंबरात मारलेल्या हरणाची नोंदही बऱ्याच ठिकाणी तिथेच होते.

अशी दुकानं बंद का पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मालक थकतो, मुलं शहरात असतात आणि वीस मैलांवरचं सुपरमार्केट स्वस्त पडतं. घेणारं कुणी मिळाल्यावरही ती पुन्हा उघडत नाहीत, यामागे मात्र अनेकदा गावाचाच झोनिंग बायलॉ असतो, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारी गावाची नियमावली. बहुतेक दुकानं एकोणिसाव्या शतकातली आणि झोनिंग आलं विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. नकाशावर रंग भरणाऱ्यांनी सगळा पट्टा ‘निवासी’ करून टाकला. दोन एकरांचा किमान प्लॉट आणि रस्त्यापासून पन्नास फूट अंतर असे नियम आले. त्यांच्या आधीपासून रस्त्याला खेटून उभं असलेलं दुकान एका रात्रीत ‘नॉन-कन्फॉर्मिंग’, म्हणजे नियमात न बसणारं, झालं. चालू आहे तोवर चालू द्या, एवढीच त्याची लायकी उरली.

न्यू इंग्लंडमधल्या (व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, न्यू हॅम्पशायर वगैरे राज्यांतल्या) छोट्या गावांच्या झोनिंगच्या सुनावण्यांत आपली मराठी माणसंही आता दिसतात. कुणी दुकान विकत घ्यायला निघालेलं असतं, कुणी नियमांचा मसुदा करणाऱ्या प्लॅनिंग कमिशनवर असतं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: दुकान बंद पडेपर्यंत वाट बघणं

नॉन-कन्फॉर्मिंग वापराला एक घड्याळ लावलेलं असतं. वापर ठरावीक काळ थांबला की तो ‘सोडून दिला’ असं धरलं जातं आणि मग निवासी पट्ट्यात नवं दुकान काढायला बंदी. व्हरमाँटच्या कायद्यानुसार गावाला ही मुदत ६ महिन्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही, पण नेमकी ६ महिने ठेवता येते. मॅसॅच्युसेट्समध्ये कायदा २ वर्षांची रेघ ओढतो.

६ महिन्यांत काय होतं, याचा जरा विचार करा. मालक आजारी पडतो. घरचे तीन महिने ‘वसंतात उघडू’ म्हणत राहतात. मग दलाल, मग बँक, मग इमारतीची तपासणी. आमच्या शेजारच्या एका गावात हेच झालं. दुकान नऊ महिने बंद होतं, एक तरुण जोडपं पैसे घेऊन दारात उभं होतं, आणि गावाच्या कार्यालयातून उत्तर आलं की आता इथे फक्त घर होऊ शकतं. घरच झालं. ओसरीवर आता दोन झुलत्या खुर्च्या आहेत, छान दिसतात.

सावरायला खरोखर किती वेळ लागतो, ते व्हरमाँटमधल्याच दोन गावांकडे बघून कळतं. पटनीचं जनरल स्टोअर मे २००८ मध्ये आगीत सापडलं. दुरुस्ती चालू असताना नोव्हेंबर २००९ मध्ये कुणीतरी ते मुद्दाम पेटवलं आणि ते पार जळालं. गावातल्या इतिहास मंडळाने ते पुन्हा उभारलं आणि दार उघडलं २०११ च्या अखेरीस. म्हणजे साडेतीन वर्षं. बार्नार्डचं सिल्व्हर लेकच्या काठावरचं दुकान २०१२ मध्ये बंद पडलं. गावकऱ्यांनी ट्रस्ट काढला, लोकवर्गणी जमवली, इमारत विकत घेतली आणि २०१३ मध्ये दुकान पुन्हा सुरू केलं. वर्षभरात जमलं म्हणजे ते वेगानेच झालं म्हणायचं. ६ महिन्यांच्या कलमात हा वेगसुद्धा बसत नाही.

म्हणून पहिलं काम: दुकान चालू आहे, धंदा बरा आहे, तेव्हाच बायलॉ काढून वाचा. ‘डिसकंटिन्यूअन्स’ किंवा ‘अबँडनमेंट’ हे शब्द शोधा. मुदत किती, ती कुठल्या दिवसापासून मोजतात, आग किंवा पूर आला तर वेगळी मुदत आहे का, आणि नुसतं कॅलेंडर बघतात की मालकाचा हेतूही बघतात. दुकान आधीच बंद असेल तर घड्याळ चालू आहे असंच समजा. झोनिंग ॲडमिनिस्ट्रेटरला, म्हणजे हे नियम राबवणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला, पत्र लिहून लेखी उत्तर मागा. काउंटरवर ऐकलेलं ‘काळजी करू नका, होईल काहीतरी’ पुढे कुठेच कामी येत नाही.

मुदत वाढवून घेणं ही मलमपट्टी झाली. खरा उपाय म्हणजे दुकानाला परवानगीच्या यादीत स्वतःचं नाव मिळवून देणं. त्यासाठी आधी दुकान म्हणजे काय ते लिहावं लागतं, आणि पुढची चूक तिथेच होते.

व्याख्या एक तर वितभर, नाही तर गावभर

‘किरकोळ विक्री’ एवढाच शब्द टाकला की त्या पट्ट्यात काहीही येऊ शकतं. व्हरमाँटमधल्या चेस्टर गावात डॉलर जनरल या स्वस्त दुकानांच्या साखळीच्या सुमारे ९,००० चौरस फुटांच्या दुकानावरून वर्षानुवर्षं भांडण झालं. ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी दुकान झालंच. जुन्या दुकानासाठी उघडलेल्या दारातून दुसराच कुणी आत येऊ नये असं वाटत असेल, तर क्षेत्रफळाची मर्यादा घाला. कंपनीच्या नावावर किंवा मालक कुठला आहे यावर नियम बेतू नका. झोनिंग जागेचा वापर बघतं, मालकाचं गाव बघत नाही.

पण मर्यादा घालण्याआधी टेप घेऊन जा. हे विनोदाने सांगत नाही. २,५०० चौरस फुटांची मर्यादा घालून झाल्यावर कळतं, की मागची शेड आणि तळघरातलं गोदाम धरून आपलं दुकान ३,४०० चौरस फुटांचं आहे. वाचवायला निघालो तेच पुन्हा नियमाबाहेर.

उलट बाजूची चूक म्हणजे आठवणीतलं दुकान कायद्यात गोठवणं. ‘रोजच्या घरगुती गरजेच्या वस्तू’ अशी व्याख्या वाचायला गोड लागते. पण आजचं कंट्री स्टोअर किराण्यावर जगत नाही. दुधाच्या कॅनमध्ये मिळतं किती? खरी कमाई सँडविच, पिझ्झा, कॉफी आणि बिअरमधून येते. गिऱ्हाईक तिथे बसून खाणार असेल तर पुष्कळ बायलॉंमध्ये त्याला ‘रेस्टॉरंट’ म्हणतात आणि त्याची परवानगी वेगळी. तेव्हा व्याख्येतच लिहा: तयार खाणं, ठरावीक खुर्च्या, पोस्टाचा काउंटर, ओसरीवरची विक्री आणि वरच्या मजल्यावर राहायची जागा. ही शेवटची गोष्ट हमखास राहून जाते. वर एक घर भाड्याने देता आलं तर हिवाळ्यातल्या चार मंद महिन्यांचा हप्ता निघतो. किंवा मालक स्वतःच वर राहतो, आपल्याकडच्या पेठेतल्या वाड्यांसारखा.

पेट्रोल पंपाचं कलम मात्र वेगळं ठेवा. जमिनीखालच्या टाक्या सुधारा, बदला किंवा बंद करा, असा संघराज्याचा हुकूम होता आणि त्याची मुदत २२ डिसेंबर १९९८ ला संपली. तेव्हापासून छोट्या दुकानाला पंप हा जड हिशेब झाला. ‘दुकान म्हणजे पंप आलाच’ असं धरून नियम लिहिलात, तर शेजारी पंपाच्या भीतीने बायलॉच्या अख्ख्या दुरुस्तीला विरोध करतील.

एकाच प्लॉटला रंग फासणं

‘एवढी भानगड कशाला, फक्त तो अर्धा एकर व्यावसायिक करा ना!’ प्रत्येक सुनावणीत कुणीतरी हे म्हणतंच. याला ‘स्पॉट झोनिंग’ म्हणतात आणि शेजाऱ्याच्या वकिलाला याहून सोपी केस मिळत नाही. एका मालकाच्या फायद्यासाठी नकाशावर एक ठिपका काढला, असा आरोप होतो. त्याऐवजी चौक, चर्च, टाउन हॉल आणि जुनी घरं मिळून एक ‘व्हिलेज’ पट्टा आखा. आपल्या गावठाणासारखाच तो, भोवतालच्या शेतांपेक्षा वेगळे नियम असलेला. किंवा निवासी पट्ट्यातच ‘जनरल स्टोअर’ हा वापर सशर्त परवानगीच्या यादीत घाला, म्हणजे अटी पाळणाऱ्या कुणालाही तो खुला राहील.

दोन्ही मार्गांना आधार लागतो टाउन प्लॅनचा, म्हणजे गावाच्या विकास आराखड्याचा. ‘गावात दुकान टिकलं पाहिजे’ हे वाक्य त्या प्लॅनमध्ये नसेल तर आधी ते घाला. आणि मुखपृष्ठावरची तारीख बघा. व्हरमाँटमध्ये प्लॅन ८ वर्षं चालतो. मुदत संपली तरी जुना बायलॉ लागू राहतो, पण नवा प्लॅन मंजूर होईपर्यंत त्यात दुरुस्ती करता येत नाही. वर्षभर खपून मसुदा केला आणि प्लॅन मागच्याच हिवाळ्यात कालबाह्य झाला होता, असं झालं की माणसं कपाळाला हात लावतात.

पार्किंगचा आकडा तसाच ठेवणं

वापराला परवानगी मिळाली तरी मागच्या पानावर पार्किंगचा तक्ता बसलेला असतो. समजा दर २०० चौरस फुटांना एक गाडी असा नियम आहे. मग २,४०० चौरस फुटांच्या दुकानाला १२ जागा लागतात. वळायची वाट धरून एका गाडीला ३०० चौरस फूट धरले, तर ३,६०० चौरस फूट डांबर होतं. म्हणजे दुकानापेक्षा गाड्यांची जागा दीडपट! नदी आणि रस्ता यांच्यात चेमटलेल्या प्लॉटवर ही जागा आणायची कुठून? अस्तित्वातल्या इमारतींना किमान पार्किंगमधून सूट द्या, किंवा टाउन हॉलची नाही तर चर्चची जागा वाटून वापरायची मुभा द्या. रविवारी सकाळची एक वेळ सोडली तर दोघांची गर्दी एकत्र येत नाही.

सेप्टिक विसरणं

झोनिंग गावाचं, सांडपाणी राज्याचं. सहा खुर्च्या टाकायच्या म्हणजे पाण्याचा वापर वाढला, आणि वाढला की व्हरमाँटमध्ये राज्याची सांडपाणी परवानगी लागू शकते. १ जानेवारी २००७ च्या आधीच्या व्यवस्थांना तिथे एक सूट आहे, पण वापर बदलला किंवा वाढला की तीवर विसंबता येत नाही. त्यामुळे खुर्च्यांचा आकडा बायलॉत लिहिण्याआधी प्लॉटवर नवं लीच फील्ड (सांडपाणी जमिनीत मुरवायची जागा) बसतं का, हे इंजिनिअरला विचारा. राज्याच्या महामार्गावरून गाडी आत वळवायची असेल तर त्या तोंडाची परवानगीही राज्याचीच.

चांगला दुकानदार डोळ्यासमोर ठेवून नियम लिहिणं

सुनावणीत सगळे म्हणतात, ‘ती बाई फार चांगली आहे, पहाटे पाचला बर्फ काढून दार उघडते.’ असेल. पण झोनिंगची परवानगी जमिनीला चिकटते, माणसाला नाही. ती बाई दुकान विकून फ्लोरिडाला गेली की तोच कागद पुढच्याच्या हातात. दिव्यांचा झोत कुठे पडतो, माल उतरवायचा ट्रक किती वाजता येतो, कचऱ्याचा मोठा डबा कुणाच्या कुंपणाला लागून आहे, हे सगळं आजच अटींत लिहा. शेजाऱ्यांचा विरोध दुकानाला क्वचितच असतो. तो असतो पहाटे साडेचारच्या डिझेलच्या आवाजाला. त्यांच्या घरी आधी जा, मसुदा घेऊन, चहा प्यायला.

तारखांचा हिशेब चुकणं

न्यू हॅम्पशायरमध्ये बहुतेक गावांत झोनिंगची दुरुस्ती मार्चमधल्या मतपत्रिकेवर येते. म्हणजे मसुदा आणि सुनावण्या हिवाळ्यातच उरकाव्या लागतात. चुकलात तर बहुधा वर्ष गेलं. मॅसॅच्युसेट्सच्या टाउन मीटिंगमध्ये (गावसभेत) अशा बदलाला दोन तृतीयांश मतं लागतात. तिथे ठराव पडला तर प्लॅनिंग बोर्डाने शिफारस केल्याशिवाय २ वर्षं तोच विषय पुन्हा आणता येत नाही. तेव्हा मतं जमलेली नसतील तर मतदानाची घाई करू नका, विषय मागे घ्या.

व्हरमाँटमध्ये प्लॅनिंग कमिशनचा लेखी अहवाल, १५ दिवस आधी सूचना देऊन सुनावणी, मग सिलेक्टबोर्डची (गावाच्या निवडून आलेल्या कारभारी मंडळाची) सुनावणी आणि मंजुरी असा क्रम आहे. मंजुरीच्या संध्याकाळी पेढे वाटू नका. पुढच्या २० दिवसांत ५ टक्के मतदारांनी सह्या केल्या तर विषय थेट गावाच्या मतदानाला जातो. ६०० मतदारांच्या गावात त्या होतात ३० सह्या, आणि तेवढे लोक शनिवारी सकाळी त्याच दुकानात कॉफीला भेटतात.