आंतरराष्ट्रीय संबंधांची पदवी: मराठवाड्यातील विद्यार्थ्याने पुढची वाट कशी आखावी

आंतरराष्ट्रीय संबंध किंवा राज्यशास्त्र घेऊन बी.ए. होणाऱ्याला घरातून पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. केवळ या पदवीवर मिळणाऱ्या जागा थोड्याच आहेत. मात्र तिला एखादी परकीय भाषा किंवा निर्यातीच्या कागदपत्रांचे ज्ञान जोडले, तर घराजवळही काम मिळू शकते. ही जोड पदवीनंतर नव्हे, दुसऱ्या वर्षापासूनच द्यावी.

भारतीय परराष्ट्र सेवेत जाण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा २१ ते ३२ वर्षे असून सहा वेळा परीक्षा देता येते. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीतून लिहिता येतात आणि 'राज्यशास्त्र व आंतरराष्ट्रीय संबंध' हा वैकल्पिक विषयही घेता येतो. मात्र सारी वर्षे याच एका परीक्षेवर लावू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील संयुक्त परीक्षेतून, म्हणजे सीजीएलमधून, परराष्ट्र मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी होता येते आणि पुढे परदेशातील भारतीय दूतावासांत नेमणूक होऊ शकते. आपल्याकडे या पदाची चर्चा फारच कमी होते, याची खंत वाटते. येथे गणित आणि इंग्रजी यांचा कस लागतो, म्हणून कला शाखेच्या विद्यार्थ्याने गणिताची भीती पहिल्याच वर्षी मोडून काढावी.

भाषा निवडताना आपला परिसर नीट पाहावा. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा येथे दक्षिण कोरियाच्या ह्योसंग कंपनीचा आणि जर्मनीच्या फोक्सवॅगन समूहातील स्कोडाचा कारखाना आहे, तर अजिंठा-वेरूळला परदेशी पर्यटक येतात. त्यामुळे कोरियन, जर्मन किंवा जपानी शिकावी आणि मान्यताप्राप्त परीक्षेचे प्रमाणपत्र मिळवावे.

निर्यातीचे क्षेत्र तर या विषयाच्या अगदी लगतचे आहे. मराठवाड्याच्या केशर आंब्याला आणि जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. माल परदेशी पाठवताना बीजक, पॅकिंग लिस्ट, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र असे कागद लागतात. शिवाय संयुक्त अरब अमिरातीशी झालेल्या आणि १ मे २०२२ रोजी लागू झालेल्या व्यापार करारातील शुल्क सवलत हवी असेल, तर मालाच्या मूळ देशाचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. करार वाचून त्यातील अट निर्यातदाराला समजावून सांगणे हाच या पदवीचा खरा उपयोग होय. त्यासाठी सुट्टीत एखाद्या निर्यातदाराकडे किंवा कस्टम्स एजंटाकडे बसून ही कागदपत्रे स्वतः तयार करावीत.

प्राध्यापकी किंवा संशोधन करायचे असल्यास पदव्युत्तर पदवी आणि सहसा नेट किंवा सेट ही राष्ट्रीय वा राज्य पातळीवरील पात्रता परीक्षा लागते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात सीयूईटी-पीजी या पदव्युत्तर सामाईक प्रवेश परीक्षेतून प्रवेश मिळतो, आणि परकीय भाषांसाठी नांदेड-लातूरकरांना हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ जवळचे आहे. सीयूईटी-पीजीचा अर्ज पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच भरता येतो. तो भरावा, म्हणजे वर्ष वाया जाणार नाही.