आल्बाच्या राजांची वंशावळ अभ्यासायला घेताय?

ट्रॉयहून निघालेला एनियास तुम्हाला ठाऊक आहे, रोमच्या स्थापनेच्या कथेतले, लांडगीचं दूध प्यालेले रोम्युलस आणि रीमसही ठाऊक आहेत. त्यांच्याबद्दल मी काही सांगत बसणार नाही. हे लिहितेय ते या दोन टोकांच्या मधल्या राजांबद्दल. रोमच्या आधीच्या आल्बा लोंगा या शहरावर दंतकथेनुसार राज्य केलेलं सिल्विअस घराणं: सिल्विअस, लॅटिनस, आल्बा, कापिस, टायबेरिनस, अॅव्हेंटिनस, प्रोका आणि बाकीचे. एम.ए.च्या प्रबंधासाठी मी हा विषय घेतला तेव्हा वाटलं होतं, नावांची यादी तर आहे, पाठ केली की झालं. पुढे या यादीने माझी झोप उडवली. तुमची उडू नये म्हणून सांगतेय.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सगळ्या लेखकांची माहिती एकत्र करून एकच वंशवृक्ष काढू नका. इंटरनेटवर असे सुबक तक्ते ढिगाने मिळतात. प्रत्येक चौकटीत एक नाव, चौकटींना जोडणाऱ्या सरळ रेघा. ते बघून अभ्यास सुरू केलात तर पाया चुकलाच म्हणून समजा, कारण तो तक्ता कुठल्याही प्राचीन लेखकाने सांगितलेला नसतो. आपणच चार जणांचं सांगणं शिवून तो तयार केलेला असतो.

सिल्विअसचंच बघा. रोमन इतिहासकार लिव्हीच्या पहिल्या ग्रंथात तो एनियासचा मुलगा अस्कानियस याचा मुलगा आहे, म्हणजे एनियासचा नातू. ग्रीक इतिहासकार हॅलिकार्नाससच्या डायोनिसियसकडे तोच सिल्विअस एनियास आणि त्याची इटलीतली बायको लाविनिया यांचा मुलगा आहे. नवऱ्याच्या मृत्यूनंतर गरोदर लाविनिया अस्कानियसच्या भीतीने रानात लपते आणि मूल तिथेच जन्मतं. ‘एनिड’ हे महाकाव्य लिहिणारा व्हर्जिलही त्याला लाविनियाचाच मुलगा मानतो. आता तक्त्यात रेघ कुठून ओढणार? अस्कानियसच्या खाली की शेजारी?

याहून अवघड प्रकरण युलुसचं, आणि मी अडकले ती इथेच. व्हर्जिलकडे युलुस हे अस्कानियसचंच दुसरं नाव आहे. डायोनिसियसकडे युलुस हा अस्कानियसचा मोठा मुलगा आहे. बापाच्या मृत्यूनंतर गादीसाठी तो आणि काका सिल्विअस यांच्यात तंटा होतो. लोक सिल्विअसला निवडतात, कारण तो लाविनियाचा, म्हणजे लॅटिनस राजाच्या मुलीचा मुलगा (हा लॅटिनस एनियासचा सासरा, वरच्या यादीतला नव्हे). युलुसला मोबदल्यात धार्मिक अधिकार मिळतो, आणि तो मान आपल्या काळापर्यंत युलिअस घराण्याकडे चालत आलाय असं डायोनिसियस नोंदवतो. लिव्ही तर अस्कानियसची आई एनियासची ट्रॉयमधली बायको क्रेउसा की लाविनिया यावरच थबकतो. इतक्या जुन्या गोष्टीबद्दल खात्रीने कोण सांगणार, असं तो सरळ विचारतो आणि पुढे जातो. माझ्या तक्त्यात मात्र एकच युलुस होता. तो बापही होता आणि मुलगाही, त्यामुळे पुढची प्रत्येक पिढी एका घराने सरकली होती.

हा घोळ झाला म्हणून लेखकांना बेजबाबदार ठरवू नका. युलिअस घराणं म्हणजे ज्युलियस सीझरचं घराणं. इ.स.पू. ६९ मध्ये आत्या युलियाच्या अंत्यविधीत सीझरने भर चौकात सांगितलं की ती आईकडून आंकुस मार्सियस राजाच्या आणि वडिलांकडून व्हीनस देवीच्या कुळातली आहे. इ.स.पू. २ मध्ये ऑगस्टसने आपला नवा चौक खुला केला, तेव्हा एका बाजूला एनियास, आल्बाचे राजे आणि युलिअस पूर्वज यांचे पुतळे होते, तर समोर रोम्युलस आणि रोमचे थोर सेनानी. लिव्ही, व्हर्जिल आणि डायोनिसियस हे तिघेही ऑगस्टसच्याच काळातले. युलुसला कोण कुठे बसवतं, हा त्यांच्यासाठी जिवंत प्रश्न होता. म्हणून प्रत्येक नावापुढे ‘हे कोण म्हणतं’ असा वेगळा रकाना ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण टाळू नका.

बरं, हे राजे मुळात आले कुठून? उत्तर बरंचसं कालगणनेत आहे. ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसच्या हिशोबाने ट्रॉय पडलं इ.स.पू. ११८४ मध्ये. रोमची स्थापना रोमन विद्वान व्हॅरोच्या हिशोबाने इ.स.पू. ७५३ ची. मधे ४३१ वर्षं. नेव्हियस आणि एन्नियस या जुन्या कवींनी रोम्युलसला एनियासच्या मुलीचा मुलगा केलं होतं, पण तारखा शेजारी ठेवल्या की ते नातं टिकत नाही. मग पोकळी राजांनी भरली. डायोनिसियस प्रत्येक राजाची वर्षं देतो: अस्कानियस ३८, सिल्विअस २९, लॅटिनस ५१, टायबेरिनस फक्त ८, अम्युलियस ४२. अस्कानियसपासून अम्युलियसपर्यंतच्या १४ राजांची बेरीज ४२५ येते. त्यात ट्रॉय पडल्यापासून एनियासच्या मृत्यूपर्यंतची ७ वर्षं मिळवा: ४३२. ट्रॉयनंतर ४३२ व्या वर्षी रोम वसलं, असं तो स्वतःच म्हणतो. ही बेरीज कागदावर स्वतः करून बघा. मला या विषयाची गोडी तिथून लागली.

नावांकडेही असंच बघा. टायबेरिनस आल्बुला नदीत बुडाला आणि नदीचं नाव टायबर पडलं. अॅव्हेंटिनस ज्या टेकडीवर पुरला गेला ती अॅव्हेंटाइन. आल्बा हा राजा तर शहराचंच नाव घेऊन येतो. आणि विजेने मेलेला एक राजा आहे: लिव्हीकडे तो रोम्युलस सिल्विअस, कवी ओव्हिडकडे रेम्युलस, डायोनिसियसकडे अल्लोडियस. हे तीन वेगळे राजे म्हणून लिहिलेत तर परीक्षक पहिल्या पानावरच थांबवतील.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा कडक आहे. ‘एखादा सारांश वाच, मूळ नंतर बघू’ असं सांगणारा मार्गदर्शक विद्वान असेलही, पण या विषयासाठी तो उपयोगाचा नाही. ते ‘नंतर’ कधीच येत नाही. त्यापेक्षा ‘हे कुठे वाचलंस?’ एवढंच दरवेळी विचारणारे शिक्षक गाठा. तेव्हा राग येईल, येऊ द्या.

लॅटिन येत नाही म्हणून घाबरू नका. लिव्हीचं संबंधित प्रकरण, पहिल्या ग्रंथातलं तिसरं, जेमतेम दोन पानांचं आहे. भाषांतरावर सुरुवात करा, मग मूळ शेजारी ठेवून नावं जुळवा. डायोनिसियस ग्रीकमध्ये आहे. त्याच्या पहिल्या ग्रंथातली ७० आणि ७१ ही प्रकरणं सध्या भाषांतरात वाचलीत तरी चालेल. व्हर्जिलच्या ‘एनिड’चा सहावा सर्ग मात्र शेवटी वाचा. तिथे एनियासचा मृत बाप अँखायसीस अजून न जन्मलेल्या वंशजांची ओळख करून देतो, आणि राजे कालक्रमाने येत नाहीत. आधी तो वाचलात तर क्रम डोक्यात चुकीचा बसतो.

पुरातत्त्वाचा आधार घ्यायचा मोह होईल. एनियासने वसवलं असं मानलेल्या लाव्हिनियमला, आजच्या प्रातिका दि मारेजवळ, तेरा वेद्या सापडल्या आहेत. जवळच इ.स.पू. सातव्या शतकातली एक समाधी आहे, चौथ्या शतकात तिला स्मारकाचं रूप दिलेलं. डायोनिसियसने वर्णन केलेलं एनियासचं स्मारक ते हेच, असं अनेक अभ्यासक मानतात आणि काही जण मानत नाहीत. त्यावरून एवढंच म्हणता येतं की तिथे कुणाची तरी जुन्या काळापासून पूजा होत होती. एनियास खरोखर होता, असं त्या समाधीच्या भरवशावर प्रबंधात लिहू नका.