स्कॉटिश चाली शोधताय? नावावर पैसे टाकू नका

बर्न्स नाइट, म्हणजे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सच्या स्मरणाची रात्र, दरवर्षी २५ जानेवारीलाच असते, तरी स्कॉटलंडमधल्या आपल्या मंडळाच्या ग्रूपवर त्याच्या प्रसिद्ध गाण्याबद्दल ‘ऑल्ड लँग साइनचं नोटेशन आहे का कुणाकडे?’ हा प्रश्न जेमतेम दोन दिवस आधी येतो. मग कुणीतरी कुठूनशी मिळालेली पीडीएफ पुढे ढकलतं आणि सगळे तीच वाजवतात. नव्याने आलेल्यांनी ही सवय लावून घेऊ नये.

स्कॉटिश संगीतात एका चालीला चार नावं असतात आणि एका नावाच्या दोन चाली. ऑल्ड लँग साइनचंच बघा. जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’ या गीतसंग्रहात १७९६ साली हे गाणं छापलं, पण चाल वेगळी होती. आज सगळे गातात ती चाल त्या शब्दांना १७९९ मध्ये थॉमसनच्या संग्रहात मिळाली. नाव बघून जुनं पुस्तक उघडलंत तर भलतंच हाती लागेल. म्हणून आधी रेकॉर्डिंग ऐका, पहिले दोन बार (उभ्या रेघांमधले भाग) कागदाशी जुळवा, मगच पैसे द्या.

‘पारंपरिक’ म्हणून ऐकवलेलं सगळं जुनं नसतं. हायलँड कॅथीड्रल १९८२ ची, दोन जर्मन संगीतकारांची. अशोकन फेअरवेलही १९८२ ची, आणि ती तर अमेरिकन. ब्रिटनमध्ये कॉपीराइट रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं चालतो, आणि चाल जुनी असली तरी नवं अरेंजमेंट कुणाचं तरी असतंच.

सर्वांत महागात पडतं ते बॅगपाइपचं पुस्तक. दुकानात हीच पुस्तकं ढिगाने दिसतात, म्हणून मुलांच्या फिडलसाठी (व्हायोलिनसाठी) किंवा पेटीसाठी उचलली जातात. पाइपला सूर नऊच: मंद्र कोमल नि पासून तार सा पर्यंत. मधला नि सुद्धा कोमलच. कागदावर सा ‘ए’ लिहितात, पण वाजतो काळी पाचच्याही किंचित वर, त्यामुळे रेकॉर्डिंगबरोबर पेटी लावली की बेसूर. शिवाय एफ आणि सी शार्पच असतात, पण ती खूण बहुतेक वेळा छापतच नाहीत, कारण पाइपवाल्याला ती लागत नाही. तुम्ही छापल्याप्रमाणे वाजवलंत तर ग कोमल होतो आणि चालीचा चेहराच बदलतो. मुख्य सुरांभोवती बारीक टिंबांची गर्दी दिसते, ती पाइपची अलंकरणं. फिडलवर ती सोडून द्या. फिडलसाठी फिडलचंच पुस्तक घ्या, पाइपचं नको. हे दोनदा वाचा.

फिडलचे जुने संग्रह फुकट मिळतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ग्लेन आणि इंग्लिस संग्रहांतली छापील पुस्तकं स्कॅन करून ठेवली आहेत. नील गो या जुन्या फिडलवादकाच्या घराण्याच्या पुस्तकांत चालीखाली बेसची ओळ असते. तुम्ही वरचीच वाजवा. एडिंबरात ही लायब्ररी जॉर्ज फोर्थ ब्रिजवर आहे, पण ती पुस्तकं घरी देत नाही. घरी न्यायची असतील तर समोरच्या सेंट्रल लायब्ररीत जा.

ध्वनिमुद्रणांसाठी ‘टोबर अन ड्युअलकस’ ही साइट. स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज, बीबीसी आणि कॅना संग्रहातली जुनी मुद्रणं तिथे फुकट ऐकता येतात. गेलिक (स्कॉटलंडची जुनी भाषा) नावांचं स्पेलिंग हमखास चुकतं, तेव्हा गावाच्या किंवा गायकाच्या नावाने शोधा. बरीच गाणी साथीशिवाय आहेत. आपल्या कानाला ती सोपी जातात, कारण कितीतरी चाली पाचच सुरांच्या आहेत. ऑल्ड लँग साइन तर सरळ भूपाच्या सुरांत बसते.

‘द सेशन’ या साइटवर एबीसी नोटेशन (इंग्रजी अक्षरांत लिहिलेली चाल) मिळतं. तिथला कल आयरिश, त्यामुळे स्ट्रॅथस्पे (झटके देत चालणारी स्कॉटिश नाचाची चाल) कधीकधी सपाट उतरवलेली असते. तिचा झटका असा: एका मात्रेत पहिला सूर पाव, दुसरा पाऊण. सरगम लिहिताना हे वर टिपून ठेवा, नाहीतर फक्त सूर उरतात.

स्कॉटिश नाचाच्या सीडीवर ‘८ गुणिले ३२’ असं दिसलं तर ते ३२ बारचं आठ वेळा आवर्तन. मूळ चाल साधारणपणे पहिल्या आणि शेवटच्या फेरीत असते. मधल्या फेऱ्यांतल्या चाली बँडने जोडलेल्या असतात, त्या उतरवत बसू नका.

पबमधल्या सेशनला, म्हणजे वादकांच्या एकत्र वाजवण्याच्या बैठकीला, जरूर जा. लोक दिलदार आहेत, चालीचं नाव विचारलं की दोन नावं सांगतील. पण फोनवर रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी परवानगी घ्या, आणि टेबलावर कागद पसरू नका.